खोलायला गन, आवळायला हात

“कितीची आहे?” असं सोलापुरात एका गॅरेजवाल्याने दुसऱ्याच्या हातातली गन बघून विचारलं, तर तो किंमतच विचारतोय असं समजू नये. उत्तर “साडेतीनशे”, “सातशे”, “हजार” असं येतं आणि ते रुपये नसतात, न्यूटन मीटर असतात. नटाला किती पीळ बसतो त्याचं हे माप. शाळेत विज्ञानाच्या तासाला ज्याने कधी फळ्याकडे बघितलं नाही, असा फिटरही आज हा आकडा तोंडपाठ सांगतो.

गन म्हणजे बॅटरीवर चालणारा, ठोके मारत नट खोलणारा पाना. कंपनीच्या कागदावर तो ‘कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच’ असतो. कंप्रेसरच्या हवेवर चालणारी गन टायरवाल्यांकडे पूर्वीपासून होती, म्हणून ही ‘बॅटरीची गन’. टॉमी, व्हील पाना आणि जोर काढायला घातलेला पाइप हा ज्यांचा जन्माचा सरंजाम, त्यांच्या टेबलावर आता ही पिस्तुलासारख्या मुठीची वस्तू चार्जरला लटकलेली दिसते. आणि ज्यांनी अजून घेतली नाही, ते कुठली घ्यायची याच्या चौकशीत आहेत.

सोलापूरला तिचं एवढं अगत्य का, ते नकाशा सांगतो. पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ इथून जातो. विजापूरकडून येऊन तुळजापूर, बीडवरून धुळ्याकडे निघणारा ५२ त्याला इथेच छेदतो. सांगलीकडचा रस्ता मंगळवेढ्यावरून इथेच येऊन मिळतो. भोवती पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि पलीकडे गाणगापूर. एका फेरीत चारही देवस्थानं उरकायची म्हणून निघालेल्या गाड्यांना सोलापूर चुकत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४वर जातो, रस्ता तापतो, जुने टायर दगा देतात. म्हणून जुना पुणे नाका, हैदराबाद रस्ता, विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, कुठूनही शहराबाहेर पडा. टायरवाला, पाटेवाला, रेडिएटरवाला आणि चारचाकीचं गॅरेज ओळीने भेटणारच.

तसं हे शहर लोखंडाला नवखं नाही. इथली पहिली कापडगिरणी १८७७ची. गिरण्या गेल्या, यंत्रमाग आले. लूमच्या जॉबरच्या खिशात पाना असायचाच. इथेच १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट परदेशी मोटारींच्या इंजिनांतही जातात. असा कॅमशाफ्ट ज्या कारखान्यात इंजिनात बसतो, तिथे प्रत्येक बोल्ट किती आवळायचा हे ठरलेलं असतं आणि यंत्र तेवढाच आवळतं. त्याच मोटारीला रस्त्यावर आल्यावर पहिलं पंक्चर होतं आणि तिथून पुढे तिचे नट कुणी, कशाने, किती आवळले याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. गन निवडायची म्हणजे खरं तर हा हिशेब लावायचा. बाजार मात्र बोलतो तो फक्त खोलण्याच्या ताकदीबद्दल.

ठोका

आधी गनच्या पोटात काय असतं ते बघू. दुरुस्तीला आलेली एक गन वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेली बघायला मिळाली. काळ्या ग्रीसने माखलेला, मुठीत मावेल एवढा पोलादी गोळा, त्याच्या एका तोंडाला समोरासमोर दोन दात. हा हॅमर. त्याच्या मागे जाडजूड स्प्रिंग. आत दांड्यावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या खाचा आणि त्यांत बसलेले दोन छर्रे. पुढे दोन कान असलेला तुकडा, त्याचंच टोक बाहेर चौकोनी होऊन येतं आणि त्यावर गोटी, म्हणजे नटावर चढणारा सॉकेट, बसते. हा अ‍ॅन्व्हिल, म्हणजे ऐरण.

मोटर फिरली की हॅमर आणि ऐरण आधी बरोबरच फिरतात. नट अडला की ऐरण थांबते, पण मोटर थांबत नाही. मग हॅमर छर्‍यांवरून मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते, दात कानांवरून निसटतात आणि स्प्रिंगच्या जोराने हॅमर पुढे येऊन कानावर आपटतो. एका फेऱ्यात दोनदा. चांगल्या गनला मिनिटाला तीन हजारांच्या वर ठोके बसतात, म्हणजे सेकंदाला पन्नास. नारळ आपण दाबून फोडत नाही, आपटून फोडतो. जाम झालेल्या नटाचंही तेच आहे. सलग जोर लावला की नट आणि गंज दोघेही तग धरतात. ठोक्याने आट्यांमधला गंज भुगा होतो आणि नट सुटतो.

याचा दुसरा फायदा मनगटाला. टॉमीवर जोर लावला की तेवढाच जोर उलटा अंगावर येतो. पाना सटकला की बोटांची सालटी निघतात. गनमधला जोर तुकड्यातुकड्याने जातो, म्हणून धरणाऱ्याचा हात पिळवटत नाही. अंतराळात नेमकी हीच अडचण होती: वजन नसलेल्या माणसाने नट फिरवला तर नटाऐवजी माणूसच फिरायचा. १९६१ साली पहिलं बिनतारी ड्रिल आणणाऱ्या ब्लॅक अँड डेकरने नासाच्या जेमिनी मोहिमांसाठी मुद्दाम धरणाऱ्याला न फिरवणारा बिनतारी पाना बनवून दिला होता. तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत मात्र मोटारीचं चाक खोलण्याइतका दम नव्हता. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, पुढे पंधराएक वर्षांत ती हत्यारांत शिरली, आणि मग ब्रशलेस मोटर आली. कार्बन घासण्याची कटकट गेली, तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होऊ लागलं. आता गन घ्यायची तर ब्रशलेसच घ्यावी, यावर गॅरेजवाल्यांत मतभेद सापडत नाहीत.

आकड्यांचा बाजार

मतभेद सुरू होतात ते न्यूटन मीटरवर. हा आकडा डोळ्यांपुढे आणायला सोपा हिशेब आहे. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला की साधारण १०० न्यूटन मीटर होतात. म्हणजे पासष्ट किलोचा हेल्पर त्याच पान्यावर उभा राहिला तर सव्वातीनशेच्या आसपास, आणि पाइप घालून पाना मीटरभर लांब केला तर साडेसहाशेच्या घरात. गन यायच्या आधीही गॅरेजमध्ये ताकद कमी नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

आता गरज बघू. छोट्या-मध्यम मोटारीच्या चाकाचा नट कंपनी ९० ते १२० न्यूटन मीटरला आवळायला सांगते. सस्पेन्शनचे मोठे बोल्ट त्याच्या आसपास किंवा थोडे वर. चाकाच्या हबचा एक्सल नट आणि क्रँक पुलीचा बोल्ट बऱ्याच मोटारींत १५० ते २५०. चारचाकीत यापलीकडे फारसं काही नाही. खोलताना मात्र गंज, धूळ आणि आधीच्या माणसाने जास्त आवळलेलं हे सगळं धरून दुप्पट-अडीचपट ताकद हाताशी असावी. म्हणजे चारशे ते सहाशेची गन चारचाकीच्या गॅरेजला पोटभर पुरते. ट्रकच्या चाकाचे नट मुळातच पाचशे-सहाशेला आवळलेले असतात. तिथे अर्धा इंची गनचं काम नाही. पाऊण किंवा एक इंची चौकोनाचीच लागते.

बाजारात दिसणाऱ्या नामांकित गन या हिशेबात कुठे बसतात? मकिताची डीटीडब्ल्यू २८५ ही आटोपशीर गन २८० न्यूटन मीटरची. चाकं आणि नेहमीचं सस्पेन्शन तिच्यात होतं, हट्टी एक्सल नटापुढे ती दमते. बॉशची जीडीएस १८व्ही-४०० नावाप्रमाणे ४००ची. डिवॉल्टची डीसीएफ ८९९ ही ९५० न्यूटन मीटरची आणि बॉशची जीडीएस १८व्ही-१००० ही हजारची. या दोघी थोराड, बॅटरीसकट तीन किलोच्या आगेमागे. गाडीखाली उताणं पडून, हात वर करून तीन किलो दिवसभर धरायचे असतील तर आकड्याचा मोह अर्ध्या तासात उतरतो. शिवाय लांब तोंडाची गन मडगार्डच्या आत, शॉकअपच्या बोल्टापाशी शिरतच नाही. काही गॅरेजवाल्यांनी म्हणून दोन ठेवल्यात: रोजची आटोपशीर आणि हट्टी नटासाठी थोराड.

खोक्यावरच्या आकड्यांतही डाव असतात. मोठा आकडा बहुधा ‘ब्रेकअवे’चा, म्हणजे उलटं फिरवताना मोजलेला. त्याच डिवॉल्टचा आवळण्याचा आकडा ९५०, तर सोडवण्याचा १६००च्या वर. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा हा आणि दुसरीचा तो धरला की सौदा फसलाच. काही खोक्यांवर फूट-पाउंड असतात. एका फूट-पाउंडाचे १.३६ न्यूटन मीटर होतात. मोजमाप होतं ते प्रयोगशाळेत, पूर्ण चार्ज बॅटरी आणि थेट बसवलेली गोटी घेऊन. आपल्याकडे मध्ये एक्स्टेन्शन येतं, सांधा येतो, गोटी झिजलेली असते. प्रत्येक ढिला जोड ठोक्यातला काही भाग खाऊन टाकतो.

स्वस्तातल्या बिनओळखीच्या गनवर तर ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’, त्याहूनही मोठी अक्षरं छापलेली असतात. घेणाऱ्याला वाटतं व्होल्ट. बॅटरी उघडली तर आत तेच पाच लिथियम सेल ओळीत असतात. एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट धरले तर पाचांचे १८, नुकत्याच भरलेल्या सेलचे ४ धरले तर २०, काठोकाठ ४.२ धरले तर २१. १८, २० आणि २१ हे एकाच बॅटरीचे तीन आकडे झाले. १२८ यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. नामांकित कंपनीचा रंग आणि जवळपास तिचंच नाव लावलेल्या नकला याच वळणाच्या. अशी गन अजिबात चालत नाही असं नाही. घरच्या गाडीची स्टेपनी वर्षातून दोनदा बदलणाऱ्याला ती पुरेल. पण जिच्यावर दुकान चालवायचं, तिचा सुटा भाग आणि जोडीची बॅटरी उद्या मिळणार की नाही याचा भरवसा नसेल, तर पाच-सहा हजारांतला सौदा महागात जातो.

सोलापूरचं ऊन आणि बॅटरी

एक जुने उस्ताद पोरांना सांगत होते: “गन नाही, बॅटरी घेलाव म्हणून घे.” बरोबरच होतं त्यांचं. गन पाच-सात वर्षं टिकते, बॅटरी आधी जाते, आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की ग्राइंडर, ड्रिल, ब्लोअर सगळं त्याच कंपनीचं घेणं परवडतं. म्हणून पहिली गन घेतानाच पुढच्या पाच हत्यारांचा विचार करावा लागतो.

बॅटरीवर दोन आकडे असतात. व्होल्ट बहुतेकांचे १८च. दुसरा अँपिअर-अवर: २, ४, ५. पाचची बॅटरी जास्त वेळ चालते एवढंच लोक धरतात. खरी गोष्ट पुढे आहे. दोनच्या बॅटरीत साधारण पाच सेल असतात, पाचच्या जुन्या धाटणीच्या बॅटरीत दहा. थोराड गन ठोका मारताना एकदम भरमसाट करंट ओढते. तो पाच बारक्या सेलांवर आला की व्होल्टेज बसतं आणि हजारची गन हजार देतच नाही. गन मोठी आणि बॅटरी बारकी ही जोडी म्हणूनच वाया जाते. उलट आटोपशीर गनला जड बॅटरी लावली तर मनगटालाच भार.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी हवाच त्याच्या जवळ पोचलेली असते. त्यात नुकतीच वापरून तापलेली बॅटरी. चांगला चार्जर अशी बॅटरी लगेच भरायला घेत नाही; दिवा लुकलुकत राहतो, पंखा फिरतो, थंड झाली की भरतो. गॅरेजवाल्याला वाटतं चार्जर बिघडला. स्वस्तातला चार्जर ही चिकाटी दाखवत नाही, तापलेली बॅटरी तशीच भरतो, आणि वर्ष-दीड वर्षात ती मान टाकते. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवणं हा तर तिला मारण्याचा हमखास उपाय. चार्जर शेडच्या आत, सावलीत, वारा लागेल असा; बॅटरी वापरून झाली की आधी निवू द्यायची, मग लावायची; महिनाभर काम नसेल तर अर्धी भरून ठेवायची. खर्च शून्य, आणि आयुष्य वाढतं ते यानेच.

घेताना बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आहे का ते बघावं. लिथियम सेल-बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. आणि मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या हातोडीखाली जाऊ देऊ नये, ती पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

हवा की बॅटरी

ज्यांच्याकडे कंप्रेसर आहे, त्यांचा प्रश्न रास्त असतो: हवेची गन असताना ही कशाला? हवेची गन दणकट, हलकी आणि स्वस्त. आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, दिवसभर चालवली तरी तापून बंद पडत नाही, उलट गार होते. दिवसाला चाळीस-पन्नास चाकं काढणाऱ्या टायरवाल्याने तिला सोडण्याचं कारण नाही. मात्र तिच्यामागे दोन-तीन अश्वशक्तीचा कंप्रेसर, टाकी, सहा-सव्वासहा बारचा दाब आणि जाड पाइप लागतो. पाइप बारीक किंवा फार लांब असला की गनच्या तोंडाशी दाब उरत नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं, ते रोज काढलं नाही तर गन आतून गंजते. तेलाचे चार थेंब रोज घालावे लागतात. आणि वीज गेली की टाकीतली हवा संपेपर्यंतच खेळ. भारनियमनाचा काळ काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

बॅटरीच्या गनचं बळ दुकानाबाहेर दिसतं. तुळजापूर रस्त्यावर गाडी बंद पडली, फोन आला, की पूर्वी टो करून आणण्यापलीकडे इलाज नसायचा. आता दोन बॅटऱ्या, गन, गोट्यांची पेटी आणि जॅक मोटरसायकलला लावून पोरगा निघतो आणि रस्त्याच्या कडेला, गाड्या अंगावरून जात असताना, कमीत कमी वेळात चाक बदलून मोकळा होतो. विजेचं म्हणाल तर १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर. एक युनिट विजेत अशा दहाएक बॅटऱ्या भरतात. ज्याच्याकडे अजून कंप्रेसर नाही आणि जो चार चाकांऐवजी सस्पेन्शन, क्लच, ब्रेकची कामं करतो, त्याने आधी बॅटरीची गन घ्यावी. टायरवाल्याने हवेची ठेवावी, आणि बाहेरच्या कामाला बॅटरीची.

आवळण्याची गोष्ट

आता ज्याच्याबद्दल खोक्यावर काही छापलेलं नसतं, ते. बोल्ट म्हणजे खरं तर ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक हबला धरून राहतं. कमी आवळला तर नट हळूहळू सुटतो. जास्त आवळला तर बोल्ट मर्यादेबाहेर ताणला जातो आणि परत पूर्ववत होत नाही. आटे मरतात, स्टड पुढच्या खेपेला तुटतो. बारा मिलिमीटरच्या ज्या स्टडला १०० न्यूटन मीटर पुरतात, त्यावर सातशेची गन दोन सेकंद दाबून धरली तर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. एक नट गच्च, शेजारचा त्याहून गच्च, तिसरा जरा ढिला, असं झालं की डिस्क सारखी बसत नाही आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. ग्राहक ब्रेक पॅड बदलतो, अलाइनमेंट करतो, खोट मात्र पंक्चर काढलं त्या दुकानातली असते. अलॉय चाकांना तर याची झळ आणखी लवकर बसते.

पण याचं खापर गनवर फोडणं बरोबर नाही. हेल्परला टॉमीवर उभं करून आपण वर्षानुवर्षं सव्वातीनशेला नट आवळत आलो आहोत. फरक एवढाच, की तेव्हा पाना करकरताना हाताला कळायचं, नट टेकला, बसला, आता ताणला जातोय. गनमध्ये ही जाणीव येत नाही. ट्रिगर दाबला की ठोके सुरू, आणि शेवटी किती आवळला गेला ते बॅटरी किती भरलेली, गोटी किती झिजलेली, बोट किती वेळ दाबलेलं यावर. गनचे गिअर किंवा मोड कमी-जास्त करता येतात. ते उपयोगी आहेत, पण कमी मोड म्हणजे मोजून आवळणं नव्हे. नट सुटला की आपोआप थांबण्याची सोय मात्र कामाची: नट उडून गटारात जात नाही.

म्हणून चांगल्या गॅरेजमधली रीत अशी: चाक बसवताना प्रत्येक नटाचे दोन-तीन आटे बोटांनीच धरवायचे. तिरका लागलेला नट बोटांना लगेच अडतो. गनला अडत नाही, ती आटे कापतच आत जाते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात नवा पोरगा नट थेट गोटीत घालून गन लावायला निघाला, तसा उस्ताद खेकसला, “अबे, आधी हातानं धरव, मग गन लाव. आटे काय तुझा बाप भरून देणाराय काय?” धरवल्यावर गन सर्वांत कमी गिअरवर, फक्त नट टेकेपर्यंत. मग गाडी जॅकवरून उतरवून, एकाआड एक समोरासमोरचे नट घेत, टॉर्क पान्याने शेवटची आवळ. ठरवलेल्या आकड्याला पाना ‘टक्’ करतो, थांबायचं. स्टडला तेल लावायचं नाही. तेलाने घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा एकदा तपासायचं.

टॉर्क पानाही जपावा लागतो. तो खोलायला वापरायचा नाही, काम झालं की स्प्रिंग ढिली करून ठेवायची आणि वर्षातून एकदा तपासून घ्यायचा. स्पार्क प्लग २०-२५ न्यूटन मीटरला बसतो, इंजिनच्या तेलाचा बोल्ट ३०-४०ला. अशा ठिकाणी, अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणांवरच्या दहाच्या बोल्टांना आणि सिलिंडर हेडला गन जवळही न्यायची नाही.

गोटी, चष्मा आणि बिल

गनबरोबर हटकून विसरली जाते ती गोटी. पेटीतल्या चकचकीत गोट्या क्रोम-व्हॅनेडियमच्या, हाताच्या पान्यासाठी कडक केलेल्या. ठोक्यांखाली त्या चिरतात, कधी फुटून तुकडा उडतो. गनला काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्याच लागतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ची, ह्युंदाई-टोयोटाला २१ची आणि चाकाला नटाऐवजी बोल्ट असलेल्या फोक्सवॅगन-स्कोडाला १७ची गोटी धरली की चाकांचं बहुतेक काम निघतं. अलॉय चाकासाठी बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली पातळ गोटी घ्यावी, नाहीतर चाकावर ओरखडे आणि ग्राहकाशी भांडण ठरलेलं.

गनचा चौकोनही बघून घ्यावा. गोल कडीने गोटी धरणारा झटपट बदलता येतो, तो चाकांच्या कामाला बरा. पिनवाल्यातून गोटी निसटत नाही, तो उंचावरच्या कामाला. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि गंजाचे कण थेट डोळ्यांवर येतात. चष्मा आणि कानात बोळे या दोन गोष्टींना शंभर-दोनशे रुपये पडतात. तरी त्या सगळ्यात कमी गॅरेजांत दिसतात.

आणि बिल घ्यावं. जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड नसेल तर नामांकित गनही बिनओळखीचीच समजायची. घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: दुरुस्ती सोलापुरात होते की पुण्याला पाठवावी लागते, सुटी बॅटरी कितीला, आणि स्विच किंवा ऐरण गेली तर मिळते का. उत्तर देताना जो दुकानदार परत न्यूटन मीटरवर येतो, त्याच्याकडून न घेतलेली बरी.

पैसे कुठे घालायचे

समजा चारचाकीचं साधं गॅरेज आहे आणि हातात तीस हजार रुपये आहेत. एक रस्ता असा, की सगळेच्या सगळे हजार न्यूटन मीटरच्या गनवर घालायचे, मग जुन्याच चकचकीत गोट्या, एकच बॅटरी, आणि आवळायलाही तीच गन. दुसरा असा, की चारशेच्या आसपासची ब्रशलेस गन दोन बॅटऱ्यांसकट घ्यायची, आणि उरलेल्यात काळ्या गोट्यांचा संच, टॉर्क पाना आणि चष्मा. पहिल्या गॅरेजात महिन्यातून एखादा हट्टी नट लवकर सुटेल. दुसऱ्या गॅरेजात रोजची चाकं नीट बसतील आणि त्या एका हट्टी नटासाठी पाइप घातलेला टॉमी कोपऱ्यात असतोच. साडेसहाशे न्यूटन मीटर फुकट.

तरी बहुतेक जण पहिला रस्ता धरतात आणि त्यात गॅरेजवाल्याचा एकट्याचा दोष नाही. गनचा धडधडाट ग्राहकाला ऐकू जातो, त्याला वाटतं दुकान आधुनिक आहे. टॉर्क पान्याची टक् ऐकायला ग्राहक थांबत नाही; त्याला दर्शनाला जायची घाई असते. जे दाखवून धंदा वाढतो, त्याच वस्तूत दुकानदार पैसे घालतो. ही घाई ग्राहकाने आवरली तर बदल व्हायला वेळ लागणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटाचा आकडा दिलेला असतो. तो मोबाइलमध्ये टिपून ठेवावा, पंक्चर काढून झालं की दाखवावा आणि तेवढ्यालाच आवळून मागावं. पहिल्या दहा दुकानांत हसतील. अकराव्यात टॉर्क पाना असेल, त्याला दहा-वीस रुपये जास्त द्यावेत आणि पुढच्या वेळी थेट त्याच्याकडेच जावं.